काही मजकूर

वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या माणसाच्या गळ्यात महाविद्यालयाच्या वेबसाइट समितीचे समन्वयकपद कसे पडले, याचा खुलासा अगदी थोडका आहे: तीन वर्षांपूर्वी एका चर्चासत्रात बंद पडलेल्या प्रोजेक्टरची सुटलेली वायर मी सर्वांदेखत खोचली होती. तेव्हापासून ठाण्यातील आमच्या महाविद्यालयात संगणकाच्या नावाने जे जे बिघडते, ते माझ्या खात्यावर जमा होते.

गेल्या जुलैत विद्यापीठाचे पत्र आले. ‘आपल्या संकेतस्थळावरील काही मजकूर नियमांशी विसंगत असल्याचे निदर्शनास आले असून, तो सात दिवसांत काढून टाकून अनुपालन अहवाल सादर करावा.’ प्राचार्यांनी समासात ‘तातडीने’ असा शेरा मारून खाली माझे नाव लिहिले. ‘काही’ म्हणजे नेमका कोणता, हे विचारायला मी फोन केला, तर पलीकडून अत्यंत सौजन्याने उत्तर मिळाले, ‘‘ते तुम्हालाच माहीत असणार, सर.’’ त्यामुळे आमची वेबसाइट पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा बहुधा पहिलाच माणूस होण्याचा मान मला मिळाला.

गणिताच्या सरांच्या पानावर पदव्या आणि शोधनिबंध यांच्या खाली, घोडबंदर रस्त्यावरील एक टू बीएचके विकणे असल्याचे फोटोसह नमूद केले होते. शैक्षणिक संकेतस्थळावर खासगी धंद्याची जाहिरात चालत नाही, हे मी त्यांच्या कानावर घातले.

‘‘अहो, जाहिरात कसली? माहिती आहे ती,’’ सर म्हणाले. ‘‘आणि एक पार्टी आली आहे. टोकन हातात पडेपर्यंत राहू द्या की.’’

वास्तविक माझा आक्षेप जाहिरातीपेक्षाही तिच्यातील ‘स्टेशनपासून वीस मिनिटे’ या विधानावर अधिक होता, कारण घोडबंदर रस्त्याने वीस मिनिटांत ठाणे स्टेशन गाठायचे, तर घरातून रात्री दोन वाजता निघावे लागते. परंतु असत्य विधानांविषयी स्वतंत्र कलम मला नियमांत सापडले नाही.

इतिहासाच्या मॅडमनी एक अख्खे पुस्तक मुखपृष्ठापासून सूचीपर्यंत स्कॅन करून चढवले होते. त्यांनी मला दिल्ली उच्च न्यायालयाचा फोटोकॉपीविषयीचा २०१६ चा निकाल ऐकवला. कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ५२ शिक्षकांना अध्यापनापुरती मोकळीक देते, हे मला मान्य होते; पण तो वाद वर्गातल्या मुलांसाठी काढलेल्या वेच्यांच्या प्रतींचा होता, आणि इथे सगळे पुस्तकच येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी दोरीवर वाळत घातले होते. मॅडम आठवडाभर चहाला आल्या नाहीत.

प्रवेशाची एक जुनी गुणवत्ता यादी उघडली, तेव्हा मात्र मला हसू आले नाही. नाव, गुण, प्रवर्ग आणि शेवटच्या रकान्यात मोबाइल नंबर. कुणाचा हेतू वाईट नव्हता; कार्यालयाने एक्सेलचे सगळे रकाने जसेच्या तसे छापले होते, इतकेच. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये आला, पण पोरीबाळींचे फोन नंबर चव्हाट्यावर टांगू नयेत, एवढे आम्हाला त्याआधीही कळायला हरकत नव्हती.

वेबसाइटची देखभाल वागळे इस्टेटमधला एक मुलगा करतो आणि तो रात्री नऊनंतरच सापडतो. ‘‘काढली, सर,’’ असे त्याने दहा मिनिटांत कळवले. त्याने काढली होती ती लिंक. फाइल सर्व्हरवर जागच्या जागी होती आणि गूगलवरून थेट उघडत होती. म्हणजे दारावरची पाटी उतरवली, बिऱ्हाड तसेच. दुसऱ्या दिवशी त्याने फाइलही उडवली आणि मला ज्ञान दिले, की ४०४ म्हणजे ‘सापडत नाही’ आणि ४१० म्हणजे ‘होते, पण आता कायमचे गेले’. मी ४१० लावायला सांगितले. आमच्या कार्यालयातील कित्येक फायलींना हा आकडा शोभून दिसेल, असे मला उगाचच वाटून गेले.

शनिवारी सर्व्हर कोसळला. मुलाने तत्परतेने जूनचा बॅकअप चढवला आणि फ्लॅट, पुस्तक, यादी असे सगळे पुन्हा हजर झाले. उल्हास नदीतली जलपर्णी मी दरवर्षी विद्यार्थ्यांना दाखवतो. तिचा एक तुकडा मागे राहिला तरी पुन्हा पात्र भरते. त्यावरचे माझे व्याख्यान आता अधिक तळमळीचे होईल.

सहाव्या रात्री सगळे पुन्हा काढून अहवाल लिहिला, तर कार्यालयातले भाऊसाहेब म्हणाले, ‘‘काढलं याला पुरावा काय? आधी होतं, हे दाखवायला नको का?’’ म्हणून काढलेल्या पानांच्या रंगीत प्रती परिशिष्ट अ, आ, इ म्हणून जोडल्या. यादीतील नावे आणि नंबर मी स्वतः काळ्या मार्करने बुजवले. सातव्या दिवशी अहवाल रवाना झाला.

आठव्या दिवशी भाऊसाहेब प्रसन्न चेहऱ्याने आले. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे माहिती आपणहून प्रसिद्ध करायची असते, म्हणून त्यांनी तो अहवाल वेबसाइटवर टाकला होता. परिशिष्टांसकट.

संध्याकाळी गणिताच्या सरांचा फोन आला. फ्लॅटसाठी आणखी दोन पार्ट्यांनी चौकशी केली होती. फक्त परिशिष्ट ‘अ’मधला हॉलचा फोटो जरा अंधुक आला आहे, तो बदलून मिळेल का, असे ते विचारत होते.