वेगापेक्षा लय बघा
चालण्यावरून शरीराचा तोल कसा ओळखायचा यावरच्या तुमच्या लेखात सगळा भर चालण्याच्या वेगावर दिलाय, ते काही पटलं नाही. तोल कळतो तो दोन पावलांमधला वेळ किती कमी-जास्त होतो त्यावरून. नुकतं चालायला लागलेलं मूल पाय फाकवून, हात वर धरून चालतं; सात-आठ वर्षांचं झालं की चाल मोठ्यांसारखी दिसते, पण लय पक्की व्हायला आणखी काही वर्षं जातात. आमचे बाबा चालताना काही विचारलं की आधी थांबतात, मगच उत्तर देतात. आम्ही हसायचो! १९९७ साली स्वीडनच्या संशोधकांनी नेमकी हीच खूण म्हातारपणी पडण्याच्या धोक्याशी जोडली होती. खुर्चीतून उठून ३ मीटर जाऊन परत येऊन बसायची साधी चाचणी तरी लेखात हवी होती. बाबांना १४ सेकंद लागले. १२ च्या वर म्हणजे सांभाळायला हवं.