‘कर्ज मंजूर, म्हणजे कागद क्लिअर’? अजिबात नाही

“होम लोन घेताय? वकिलावर पैसे उधळू नका. बँकेचा वकील ३० वर्षांचा सर्च (मालकीच्या जुन्या नोंदींचा तपास) काढतोच. कर्ज मंजूर झालं की टायटल (मालकी हक्क) क्लिअर. अगदीच वाटलं तर रजिस्ट्रेशनच्या दिवशी वकील गाठा.” हा मेसेज कुटुंबाच्या ग्रुपवर आला तेव्हा मी सोडून दिला. पण अंबरनाथला रिसेल फ्लॅट बघत असलेल्या पुतण्याने तोच पुढे करून “काका, मग वकील कशाला?” असं विचारलं, तेव्हा गप्प बसवेना.

मंजुरी म्हणजे टायटल क्लिअर, हे यातलं सर्वात घातक वाक्य. डोंबिवलीकडे बघा. महापालिकेच्या खोट्या परवानग्या जोडून बिल्डरांनी महारेराचे, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचे, नंबर मिळवले. अशा ६५ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. तिथल्या अनेक कुटुंबांनी बँकेचं कर्ज काढूनच घरं घेतली होती. बँकेने फाइल पास केली होती, रेरा नंबरही होता. कशाने वाचवलं त्यांना?

बँकेच्या वकिलाची फी तुमच्याच खिशातून जाते, पण रिपोर्ट तो बँकेसाठी लिहितो. त्यात चूक निघाली तरी तुमचा हप्ता थांबत नाही. जानेवारी २०२५ मध्ये सेंट्रल बँक ऑफ इंडियाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलं की, सर्च रिपोर्टची एकसारखी पद्धत ठरवायला हवी आणि अपुऱ्या रिपोर्टवर कर्ज मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यांची जबाबदारीही निश्चित व्हायला हवी. वादाचं मूळ काय, तर एका भावाने कुटुंबाची जमीन परस्पर विकली आणि घेणाऱ्याने ती बँकेकडे गहाण ठेवली, ही घरातल्याच सुनेची तक्रार.

पुतण्याच्या फ्लॅटचंही तेच दुखणं आहे. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटच्या मागे विकणाऱ्याच्या वडिलांच्या नावाखाली त्याचं नाव चढलंय, नॉमिनी म्हणून. त्याच्या दोन बहिणींचं हक्कसोडपत्र (आपला वाटा सोडल्याचा दस्त) कुठे आहे? नॉमिनी म्हणजे मालक नव्हे.

एक मान्य करतो: म्हाडा किंवा सिडकोच्या लॉटरीतलं घर असेल, तर इतकं खोदत बसायची गरज सहसा पडत नाही. रिसेलला मात्र ही सूट नाही.

रजिस्ट्रेशनच्या दिवशी वकील? दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, मालकी तपासत नाही. तोवर इसार गेलेला असतो, मुद्रांक शुल्क भरलेलं असतं. मुंबईत ६ टक्के धरले तर ६० लाखांच्या घराला ३ लाख ६० हजार. त्यानंतर खोट सापडली, तर ते पैसे परत मिळवायला अर्ज करत फिरा.

वकील गाठायचा तो इसार देण्याआधी, बँकेत अर्ज टाकण्याच्याही आधी. जुन्या करारांची साखळी, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र), सोसायटीची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि विकणाऱ्याचं जुनं कर्ज फिटल्याचा दाखला त्याच्यासमोर ठेवा. आणि इसारपावतीत “टायटल स्पष्ट न निघाल्यास पूर्ण रक्कम परत” हे कलम त्याच्याकडूनच लिहून घ्या.