खुलासा: लक्ष्याला ‘विदूषक’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता का?

नागपुरातल्या नाट्य-सिनेमाच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक पोस्ट फिरतेय: ‘एक होता विदूषक’साठी लक्ष्मीकांत बेर्डे यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हे चूक आहे. १९९२च्या चित्रपटांसाठीच्या ४०व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो मान मिथुन चक्रवर्तींना ‘ताहादेर कथा’ या बंगाली चित्रपटासाठी मिळाला. जब्बार पटेलांचा ‘विदूषक’ सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला, आणि नृत्यदिग्दर्शनासाठी लक्ष्मीबाई कोल्हापूरकरांना पुरस्कार मिळाला. चित्रपटाचा पुरस्कार नायकाच्या नावावर चढवला, की अशी गफलत होते. पडताळायचं तर पुरस्काराचा विभाग आणि चित्रपटाचं वर्ष आधी बघा. सोहळा पुढच्या वर्षी होत असल्याने १९९२ आणि १९९३ची सरमिसळ होतेच.

‘लक्ष्यानं विनोद पार सोडला’ हे त्याच पोस्टमधलं वाक्यही फसवं. लक्ष्यानं साकारलेला आबुराव तमाशातला सोंगाड्याच आहे; पुलंच्या पटकथेत हशा भरपूर आहे. अवघड आहे ते हशा ओसरल्यावरचं थांबणं. एरवी लगेच दुसरी कोटी टाकणारा हा नट इथे गप्प राहतो, आणि चेहरा तसाच उघडा ठेवतो. पुरस्कार नसला म्हणून ते काम कमी ठरत नाही, पण खोटं बिरूद कशाला?