दूध पुरत नाही, हे कशावरून ठरवलं?

बाळ रडलं की घरात कुणीतरी म्हणतंच, "दूध पुरत नसेल गं." तेवढ्यावर बाटली येते, आणि बऱ्याचदा दूध खरोखर आटायला तिथूनच सुरुवात होते. बाटलीने पोट भरलेलं बाळ अंगावर कमी ओढतं. दूध साचून राहिलं की पुढचं बनायचंही मंदावतं.

पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी ५ ते ७ मिली, म्हणजे जेमतेम चमचाभर चीक पुरतो. तो थोडाच असतो, पण त्यातली प्रतिपिंडं आतड्याच्या अस्तराला संरक्षण देतात. जुलाब, न्यूमोनिया, कानाचा संसर्ग अंगावर पिणाऱ्या बाळांत कमी दिसतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना जन्मानंतर तासाभरात पाजायला आणि ६ महिने फक्त आईचं दूध द्यायला सांगते. वरून पाणीसुद्धा नाही.

रडण्यावरून अंदाज बांधू नका, लंगोट मोजा. पाचव्या दिवसापासून २४ तासांत ६ किंवा जास्त वेळा शू आणि काळी शी जाऊन पिवळी होणं, ही दूध पोटात जात असल्याची खूण. सुरुवातीला वजन ७ ते १० टक्क्यांपर्यंत उतरू शकतं, साधारण दोन आठवड्यांत भरून येतं. शू कमी आणि बाळ सुस्त, पाजायलाही उठत नाही, असं असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

दुखतंय, भेगा पडल्यात? बहुतेकदा बाळाने नुसतं टोक धरलेलं असतं. जांभईएवढं तोंड उघडेपर्यंत थांबा, मग बाळाला छातीकडे आणा; आपण बाळावर वाकू नका. हनुवटी टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, स्तनाग्राभोवतीचा काळा भाग खालपेक्षा वर जास्त दिसतोय, म्हणजे पकड बरोबर. गाल आत जाऊन चटक-चटक आवाज येत असेल तर ओठांच्या कोपऱ्यातून स्वच्छ करंगळी घालून सोडवा आणि पुन्हा लावा. ओढून काढलंत तर भेग वाढते.

काही आयांना पावडरचं दूध द्यावंच लागतं. त्यांना अपराधी वाटायला लावणं मला अजिबात मान्य नाही. त्यांना ते नीट बनवायला कुणी शिकवत नाही, ही खरी चूक. डब्यातली पावडर निर्जंतुक नसते, तिच्यात क्रोनोबॅक्टरसारखे जंतू असू शकतात. म्हणून पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, ७० अंशांखाली जायच्या आधी वापरायचं. बाटलीत आधी मोजून पाणी, मग पावडर. चमचा त्याच डब्यातला, वरून सपाट केलेला, दाबून भरलेला नाही. डबा जास्त दिवस पुरावा म्हणून एक चमचा कमी घातला तर बाळाचं पोषण तर घटतंच, शिवाय जास्तीच्या पाण्याने रक्तातलं सोडियम उतरून झटके येऊ शकतात. जास्त घातला तर मूत्रपिंडावर ताण आणि शरीरातलं पाणी कमी. झाकण लावलेली बाटली नळाखाली धरून गार करा, मनगटावर थेंब टाकून बघा, २ तासांच्या आत पाजा. बाटलीत उरलेलं उष्टं दूध गरम करून पुन्हा देऊ नका, ओतून द्या. बाळाच्या लाळेतले जंतू त्यात वाढत असतात.