चार दिवसांची भिंत

“आठ मार्चाक लावुया न्ही, चार दीस.”

पणजीतल्या एका कलासंस्थेतल्या, समोर बसलेल्या गृहस्थांनी हे अगदी चांगल्या मनाने सांगितलं. त्यांच्या टेबलावर माझ्या आतेची अकरा जलरंगचित्रं मांडलेली होती. मधे बटरपेपर घालून, फोंड्याहून पणजीपर्यंत बसमध्ये मांडीवर धरून मी ती आणली होती. मला पैसे नको होते. संस्थेने ती आपल्या संग्रहात घ्यावीत, नोंद करावी, सांभाळावीत, एवढंच मागणं होतं. त्यांनी विचारलं, प्रदर्शनं किती झाली? एकही नाही. पुरस्कार? नाहीत. बायोडेटा? आते जाऊन सहा वर्षं झाली. मग ते म्हणाले, हौशी कलाकारांची चित्रं संग्रहात घ्यायची पद्धत नाही, पण महिला दिनाच्या प्रदर्शनात जरूर लावू. पाचव्या दिवशी येऊन घेऊन जा.

मी चित्रं गोळा करायला लागले तेव्हा त्यांनी दोन चित्रांच्या कोपऱ्यांवर बोट ठेवलं. “हीं दोगींचीं चित्रां न्ही?”

मला उत्तर द्यायला थोडा वेळ लागला. नऊ चित्रांवर एक सही आहे, उरलेल्या दोनांवर दुसरी. नाव वेगळं, आडनाव वेगळं. चित्रं मात्र एकाच बाईची. आपल्याकडे लग्नात मुलीचं नुसतं आडनाव बदलत नाही. ताटातल्या तांदळात सोन्याच्या अंगठीने नवीन नाव लिहितात आणि त्या दिवसापासून सासरी सगळे तीच हाक मारतात. आतेचं लग्न १९६६ सालचं. त्याआधीची नऊ चित्रं माहेरच्या नावाची, नंतरची दोन सासरच्या. घरातल्या कोणी सांगितलं नाही तर जगातला कुठलाही अभ्यासक या अकरा कागदांवरून म्हणेल की म्हार्दोळला एक मुलगी चित्रं काढत होती, ती १९६५ नंतर कुठे गेली ते कळत नाही. आणि डिचोलीला एक बाई होती, तिने आयुष्यात दोन चित्रं काढली.

मी शाळेत ड्रॉइंग शिकवते, पंचवीस वर्षं झाली. आतेवर माया आहे म्हणून ही चित्रं चांगली म्हणत नाही. त्यातलं एकच सांगते. म्हार्दोळला देवळाच्या बाजूला बायका जायांच्या कळ्या ओवायला बसल्यात. पाठमोऱ्या आहेत, चेहरे दिसत नाहीत, नुसते अंबाडे, वाकलेल्या माना आणि हात. लाल मातीवर संध्याकाळचं ऊन. या चित्रातल्या फुलांना तिने रंगच लावलेला नाही. सगळीकडे रंग भरत नेताना तेवढा कागद कोरा सोडलाय, गव्हाच्या दाण्याएवढा एकेक तुकडा. ज्यांनी जलरंग हाताळलेत त्यांना हे काय काम आहे ते कळेल. जलरंगात कागदाचा पांढरा एकदा गेला की तसा परत येत नाही. म्हणजे ब्रश बुडवायच्या आधी टोपलीतली प्रत्येक कळी कुठे येणार हे तिच्या डोक्यात पक्कं होतं. वय वर्षं एकवीस. मुंबईला गिरगावात मामाकडे राहून दोन वर्षं शिकून आली होती, पुढे स्थळ आलं.

आता माझं म्हणणं. बायकांची चित्रं भिंतीवर लागत नाहीत असं नाही. लागतात, चार दिवस. दीपप्रज्वलन होतं, पेपरात फोटो येतो, भिंत रिकामी होते. प्रदर्शन वेगळं आणि संग्रह वेगळा, आणि आपली सगळी गफलत या दोन गोष्टी एक समजण्यात आहे. संग्रहात गेलेल्या चित्राला नोंदवहीत क्रमांक मिळतो. त्याचं मोजमाप, माध्यम, साल, कुणाकडून आलं, सगळं लिहिलं जातं. ते हवामान सांभाळलेल्या खोलीत राहतं. पन्नास वर्षांनी कोणी पुस्तक लिहायला बसलं, मोठं प्रदर्शन मांडायला घेतलं, तर त्या नोंदवह्याच उघडतात. त्यात नाव नसेल तर बाई होऊन गेली की नाही हेच ठरत नाही.

आणि गोव्यात संग्रहाबाहेर राहणं म्हणजे काय ते आपल्या हवेला विचारा. वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस. जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिथे कागदाचं काय! आतेची चित्रं अकराच नव्हती. डिचोलीच्या घराची नळ्यांची शाकारणी निघाली तेव्हा माळ्यावर एक मोठी गुंडाळी सापडली. ती उलगडताना माझ्या हातात नुसता तपकिरी चुरा आला. एका तुकड्यावर निळा रंग होता, आभाळ असेल किंवा पाणी असेल. वाळवीने सही खाल्ली होती.

गोव्याचे चित्रकार म्हटलं की आपण अभिमानाने नावं घेतो. सूझा, गायतोंडे, लक्ष्मण पै, आंजेलो द फोन्सेका. घ्यायलाच हवीत, माझ्या वर्गात मीही घेते. पण याच ओळीत प्रफुल्ला डहाणूकर हे नाव किती जणांच्या तोंडी येतं? त्या गोव्यातच जन्मल्या, १९३४ साली. माहेरच्या जोशी. १९५५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचं सुवर्णपदक, १९६१ मध्ये शिष्यवृत्तीवर पॅरिस. मुंबईतल्या ज्या भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये गायतोंडे काम करत, तिथेच त्यांचाही स्टुडिओ होता. २०१४ मध्ये गेल्या. मी माझ्या सहकारी शिक्षकांना हे नाव विचारलं तर दोघांनी ते मुंबईच्या समाजसेविकेचं असेल असा अंदाज केला. हा त्यांचा दोष नाही. त्यांना कुठल्या भिंतीवर ते नाव दिसलेलंच नाही.

आणखी एक गोव्याची चित्रकार, आंजेला त्रिंदाद. तिचं नशीब थोडं बरं. पणजीला फोंताइन्हासमध्ये फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेच्या इमारतीत तिची चित्रं पाहायला मिळतात. तिचे वडील आंतोनियो झेवियर त्रिंदाद, सांग्याचे, जे. जे.त शिकवायचे, मोठे पोर्ट्रेटकार. ते बायकोला, मुलींना समोर बसवून रंगवत. आंजेलाही जे. जे.त शिकली. साडी नेसलेली येशूची आई मारिया रंगवली, आणि पुढे त्रिकोणांवर उभारलेली स्वतःची वेगळी शैली काढली. कुटुंबाने चित्रं जिवापाड जपली, म्हणून बापाच्या शेजारी लेक आज भिंतीवर आहे. घरच्यांनी अडगळ म्हणून टाकली असती तर? बाईची चित्रं टिकणं हे अजूनही घरच्यांच्या मायेवर आणि कपाटाच्या दारावर अवलंबून आहे, याची मला चीड येते.

यावर एक उत्तर मला हमखास मिळतं. “गुणवत्ता असली की जागा मिळतेच.” ज्यांना हे खरं वाटतं त्यांनी गोव्याच्या गाण्याकडे बघावं. फोंड्याजवळच्या केरीच्या केसरबाई केरकर. त्यांची भैरवी १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर यानातल्या सोनेरी तबकडीवर अंतराळात गेली. सांग्यातल्या कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर. पेडण्यातल्या मालप्याच्या अंजनीबाई मालपेकर. एवढ्याशा मुलखातून एवढे गळे. मग याच मातीत, याच काळात, एकाही बाईच्या बोटांत रंगाची जाण नव्हती का? तालमीसाठी ही घरं मुंबईला जाऊन राहिली, उस्तादांना पैसे मोजले, मुलीच्या गळ्यावर घर चालणार म्हणून तिच्या रियाजाला वेळ दिला. देवळांच्या सेवेला बांधलेल्या त्या कलावंत घराण्यांतल्या बायकांकडून समाजाने याची किंमत किती क्रूरपणे वसूल केली ते आपण सगळे जाणतो, त्याचे गोडवे मी गाणार नाही. एवढंच म्हणते, की जिथे शिक्षण, वेळ आणि गिऱ्हाईक होतं तिथे बायका शिखरावर पोचल्या. ब्रश ज्या घरांत होता तिथे तो ‘लग्नापर्यंतचा छंद’ होता.

अंजनीबाईंचं तर बघा. रविवर्म्याच्या चित्रांसाठी त्या बसल्या, हे संगीताच्या इतिहासात ठिकठिकाणी लिहिलेलं आहे. गोव्याची बाई देशातल्या सगळ्यात गाजलेल्या चित्रकाराच्या फ्रेममध्ये पोचली, ती समोर बसून. न्यूयॉर्कमध्ये गोरिलाचे मुखवटे घालणाऱ्या स्त्री कलाकारांच्या एका गटाने, गुरिला गर्ल्सनी, १९८९ साली हेच मोजून दाखवलं होतं. तिथल्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या आधुनिक कलेच्या दालनांत स्त्री कलाकार ५ टक्क्यांहून कमी, आणि नग्नचित्रांत मात्र ८५ टक्के बायका. आत जायला बाईला कपडे उतरावे लागतात का, असं त्यांनी पोस्टरवर विचारलं.

याहून जुनी एक गोष्ट मी मुलांना दरवर्षी सांगते. लंडनची रॉयल अकॅडमी १७६८ साली निघाली. संस्थापकांत दोन बायका होत्या, अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर. पुढे झोफनी नावाच्या चित्रकाराने सभासदांचं समूहचित्र काढलं. खोलीत पुरुष मॉडेल उघडा बसलेला, त्यामुळे बायकांना तिथे उभं दाखवता येईना. म्हणून त्याने त्या दोघींना मागच्या भिंतीवरची दोन चित्रं करून टाकलं. संस्थापक असून भिंतीवर टांगलेल्या! त्यांच्यानंतर पूर्ण सभासद म्हणून बाई निवडून यायला १९३६ साल उजाडलं, ती लॉरा नाइट. शरीररचनेचा अभ्यासच करू दिला नाही तर ऐतिहासिक, पौराणिक, मोठी चित्रं बाई काढणार कशी? लिंडा नॉक्लिन या कलाइतिहासकार बाईने १९७१ साली हाच मुद्दा मांडला, की प्रश्न बाईच्या प्रतिभेचा नाही, तिला बाहेर ठेवणाऱ्या संस्थांचा आहे.

आता काळ बदलला म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा. अमेरिकेतल्या ३१ संग्रहालयांत २००८ ते २०२० या काळात जेवढी कामं दाखल झाली, त्यांत स्त्रियांची होती ११ टक्के. आपल्या देशात नऊ चित्रकारांची कामं राष्ट्रीय ठेवा म्हणून कायद्याने जपलेली आहेत, ती देशाबाहेर विकता येत नाहीत. त्या नवांत बाई एकच, अमृता शेरगिल. अठ्ठावीस वर्षांचं आयुष्य, १९४१ मध्ये गेली. तिची बरीच चित्रं दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहात पोचली, म्हणून आज शाळेतली पोरं तिला पुस्तकात बघतात. संग्रहाने काय होतं त्याचं याहून मोठं उदाहरण माझ्याकडे नाही.

मागच्या वर्षी आठवीच्या मुलांना पणजीला एका दालनात नेलं होतं. सगळी चित्रं बघून झाल्यावर एक मुलगी माझ्याजवळ आली. चित्रं बरी काढते, मागच्या बाकावर बसते, बोलत नाही फारशी. म्हणाली, “टीचर, हांतूंतलीं बायलांनी काडिल्लीं खंयचीं?” यातली बायकांनी काढलेली कुठली, असं विचारत होती. आम्ही दोघी परत फिरलो, एकेक पाटी वाचत. एका हाताची बोटं पुरली आणि उरली. तिने काहीच म्हटलं नाही. बसमध्ये बसल्यावर वहीच्या शेवटच्या पानावर काहीतरी काढत होती, मी डोकावले तर हाताने झाकून घेतलं.

माझ्या हातून कला महाविद्यालयात गेलेल्यांत मुलीच जास्त आहेत. दहा वर्षांनी त्यातल्या किती जणी ब्रश हातात धरून असतात, याची माझ्याकडे यादी आहे, आणि ती यादी बघवत नाही. ट्यूशन घेतात, केक सजवतात, मेंदी काढतात. हात थांबलेला नाही कोणाचाच. त्या कामाला नाव आणि साल घालून कोणी ठेवून घेत नाही.

म्हणून मागणं स्पष्ट लिहिते. सरकारी पैशांवर चालणाऱ्या आपल्या प्रत्येक संस्थेने संग्रहात कोणाची किती चित्रं आहेत ती यादी लोकांसमोर ठेवावी. दरवर्षी स्त्रियांची कामं विकत घ्यावीत, पैसे देऊन, नोंद करून, आणि बाकीच्या चित्रांच्या रांगेत बारा महिने लावावीत. नोंदवहीत माहेरचं आणि सासरचं, दोन्ही नावांना रकाना हवा. ‘हौशी’ हा शिक्का मारण्याआधी तिला व्यवसाय करू दिला होता का, हे विचारावं. महिला दिनाचं प्रदर्शन करा, मी येईन, मुलांना घेऊन येईन. पण आतेची चित्रं चार दिवसांसाठी मी दिली नाहीत, देणारही नाही.

तोवर एक काम आपल्याला घरबसल्या करता येईल. आजीने, मावशीने, आतेने काढलेलं काही फ्रेममध्ये असेल, ट्रंकेत असेल, देवघराच्या मागे खिळ्याला असेल, तर ते काढा. मागच्या बाजूला तिची दोन्ही नावं लिहा, गाव लिहा, साल लिहा. पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा, शाईने नको, शाई कागदात उतरते. दिवसाउजेडी फोटो काढा, पुढचा आणि मागचा, आणि या पोस्टखाली टाका. घरच्यांना विचारूनच टाका. मी वही केली आहे, जाड पुठ्ठ्याची. पहिल्या अकरा ओळी भरल्यात.