वडिलांची नोकरी गेल्याचं खोटं लिहायला शिकवणारा ‘१०० मेसेजचा फॉर्म्युला’

गेल्या रविवारी दुपारी माझ्या भावोजींना त्यांच्या जुन्या कंपनीतल्या एका सहकाऱ्याचा फोन आला. दोघांचं बोलणं होऊन दहा वर्षं तरी झाली असतील. “काही लागलं तर सांग, संकोच करू नकोस,” असं ते गृहस्थ पुन्हा पुन्हा म्हणत होते आणि भावोजींना काही उमगत नव्हतं. मग उलगडा झाला. माझ्या भाचीने लिंक्डइनवर, म्हणजे नोकरीधंद्याच्या ओळखी जोडायच्या संकेतस्थळावर, त्यांना मेसेज पाठवला होता आणि त्यात लिहिलं होतं, “नुकतीच माझ्या वडिलांची नोकरी गेली, घराची सगळी जबाबदारी आता माझ्यावर आहे.” भावोजी बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) कारखान्यात रोज सकाळी आठला हजर असतात. त्यांची नोकरी शाबूत आहे.

मी त्या वेळी त्यांच्याच घरी होतो, दांडिया बाजारात. ताई मुलीवर ओरडली, मुलगी रडायला लागली. भावोजी मात्र एक शब्द बोलले नाहीत, फोन उलटा ठेवून नुसते बसून राहिले. शेवटी भाचीने स्वतःचा मोबाइल माझ्यापुढे धरला. “मामा, हे मी नाही लिहिलं. यात जसं दिलंय तसं पाठवलं.”

‘यात’ म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा तो लांबलचक मजकूर: ‘लिंक्डइनवर ७ दिवसांत नोकरी, १०० मेसेजचा फॉर्म्युला’. आमच्या घरच्या ग्रुपवर तो दोनदा आला, कारखान्यातल्या ग्रुपवरही आला. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं. रोज १०० अनोळखी लोकांना ओळख जोडण्याची विनंती पाठवा आणि सगळ्यांना एकच तयार मेसेज चिकटवा. हाताने जमत नसेल तर ब्राउझरमध्ये एक एक्स्टेन्शन (छोटा जोड-प्रोग्रॅम) टाका, ते आपोआप पाठवेल. मधल्या लोकांत वेळ घालवू नका, थेट सीईओला लिहा. मेसेजमध्ये घरची एखादी अडचण घाला, म्हणजे समोरचा विरघळतो. ओळख नसली तरी ‘आपण अमुक प्रदर्शनात भेटलो होतो’ असं लिहा. इंग्रजी भारदस्त ठेवा, रिझ्युमे पहिल्याच मेसेजला जोडा, मंगळवारी सकाळी नऊ ते दहा याच वेळात पाठवा, आणि उत्तर येईपर्यंत दर दोन दिवसांनी आठवण करा.

मी बावीस वर्षं एका कारखान्याच्या खरेदी विभागात काम करतो. लिंक्डइनवर मला आठवड्याला आठ-दहा असे मेसेज येतात आणि त्यातले निम्मे नोकरीसाठी असतात. ते वाचणाऱ्याच्या खुर्चीतून मी बोलतोय. क्रमाने जायला हवं हे मला कळतं, पण अडचण घालण्याचा तो मुद्दा वाचून माझं डोकं फिरलं आहे, तेव्हा आधी तोच घेतो.

अडचण ‘घाला’, असं त्यात लिहिलंय. असेल तर सांगा, असं नाही. नमुन्यादाखल तीन वाक्यंही तयार दिली आहेत: वडिलांची नोकरी गेली, आईचं ऑपरेशन आहे, डोक्यावर कर्ज आहे. हवं ते उचला. बावीस वर्षांच्या मुलांना हे शिकवायचं? बडोद्याचा कारखानदारीचा पट्टा केवढासा आहे? मकरपुरा, पोर, सावली, हालोल. इथे प्लांटमध्ये वीस वर्षं काढलेला माणूस दुसऱ्या प्लांटमधल्या वीस वर्षंवाल्याला ओळखत नाही असं क्वचितच होतं. त्यात लिंक्डइन स्वतःच दाखवतं की तुमच्या आणि त्याच्या सामाईक ओळखी कोणकोणत्या आहेत. एक फोन लावला की खरंखोटं कळतं, आणि आमच्या घरी नेमका तोच फोन आला. तोंडी बोललेलं लोक विसरतात. हे मात्र लेखी असतं, तुमच्या नावाखाली आणि फोटोशेजारी, समोरच्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहतं. दोन वर्षांनी तोच माणूस इंटरव्ह्यूला समोर बसला तर?

दुसरी गोष्ट याहून वाईट. भाचीच्याच वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांचं युनिट खरोखर बंद पडलंय. त्याने खरं लिहिलं, तरी आता कोण विश्वास ठेवणार? गेल्या महिन्यात मलाच ‘वडिलांची नोकरी गेली’ हे वाक्य शब्दाला शब्द असलेले तीन मेसेज आले, तिघं वेगवेगळे. तिसरा वाचताना माझ्या मनात आधी संशय आला आणि त्याची मला लाज वाटली, कारण तिघांतला एखादा खरा असेलही.

आणि अडचण खरी असली तरी पहिल्या मेसेजात ती नको. वाचणाऱ्याची अवस्था बघा. त्याच्या हातात जागा नसते, मदत करता येत नाही, आणि ‘जमणार नाही’ म्हटलं तर आपण निर्दय ठरू असं वाटतं. मग तो काहीच लिहीत नाही. एरवी दोन ओळी लिहिल्या असत्या, त्याही जातात. घरची अडचण सांगावी ती आपल्या माणसाला, सरांना, काकांना, समोर बसून किंवा फोनवर. तिथे ती ऐकली जाते आणि तिथून खरोखर हालचालही होते.

प्रदर्शनातल्या खोट्या भेटीचंही तेच. ज्या प्रदर्शनाचं नाव घालायला सांगितलंय तिथे तो माणूस गेलाच नसेल तर तुमचं पहिलंच वाक्य खोटं पडतं. पुढचं कोण वाचणार?

आता ‘थेट सीईओला लिहा’. याला माझ्याकडे भक्कम उत्तर आहे आणि ते माझ्या पदरचं नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनवरच केलेला एक अभ्यास छापून आला. लिंक्डइन, एमआयटी, हार्वर्ड आणि स्टॅनफर्ड इथल्या संशोधकांनी तो केला होता. ‘तुम्ही कदाचित यांना ओळखत असाल’ अशी नावं लिंक्डइन सुचवतं ना, त्या सुचवण्यात त्यांनी मुद्दाम फरक केला: काहींना जवळच्या ओळखी जास्त दाखवल्या, काहींना लांबच्या. पाच वर्षं, २ कोटींहून अधिक माणसं, त्या काळात जुळलेल्या सुमारे २०० कोटी नव्या ओळखी आणि लागलेल्या ६ लाख नव्या नोकऱ्या, एवढा त्याचा पसारा. नोकरी बदलायला सगळ्यात उपयोगी कोण ठरलं? अगदी जिवलग नाही आणि अगदी परकाही नाही. मधला. साधारण दहाएक सामाईक ओळखी असलेला माणूस. ओळख त्याहून घट्ट झाली की उपयोग घटतो आणि अगदीच पुसट असली तरीही घटतो. मुंबईतल्या कुठल्याशा सीईओची आणि आपली सामाईक ओळख शून्य असते. म्हणजे फॉर्म्युला मुलांना नेमका कमी उपयोगाच्या माणसाकडे पिटाळतो.

हे आजचंच आहे असंही नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली हीच गोष्ट मांडली होती. ज्यांना ओळखीतून नोकरी लागली अशा लोकांना त्याने विचारलं, तर निम्म्याहून अधिक जणांनी सांगितलं की तो माणूस रोजच्या बैठकीतला नव्हता, अधूनमधून भेटणारा होता.

लिंक्डइनवरच्या त्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट बडोद्याला फार लागू पडते. संगणकाच्या जगातल्या नोकऱ्यांना लांबच्या ओळखी जास्त कामी आल्या. ज्या उद्योगांत संगणकाचा वावर कमी, तिथे जवळच्या ओळखी वरचढ ठरल्या. भाचीला पंप-व्हॉल्व्हच्या कारखान्यात शिरायचंय. तिच्यासाठी शेजारच्या वाड्यातला क्वालिटी इन्स्पेक्टर आणि कलाभवनातले, म्हणजे तिच्या इंजिनिअरिंग कॉलेजातले, प्रोजेक्टचे सर हे कुठल्याही सीईओपेक्षा मोलाचे.

बडोद्याच्या मराठी माणसाला तरी हे परक्याने शिकवायची गरज नसावी. सयाजीरावांनी डॉ. आंबेडकरांना शिष्यवृत्ती दिली, हे आपण भाषणांत अभिमानाने सांगतो. पण महाराजांपर्यंत तो तरुण पोचला कसा? केळुसकर गुरुजींनी त्याची हुशारी पाहिली होती आणि त्यांनी त्याच्यासाठी शब्द टाकला. दरमहा २५ रुपयांची पहिली शिष्यवृत्ती त्यातून मिळाली, आणि पुढे १९१३ मध्ये बडोदा संस्थानाच्याच शिष्यवृत्तीवर ते कोलंबियाला गेले. योग्यता त्या तरुणाची होती. पण मधे एक माणूस उभा होता, जो दोन्हीकडे विश्वासाचा होता. तो मधला माणूस शोधणं हेच खरं काम आहे, आणि फॉर्म्युला त्यालाच वेळेचा अपव्यय म्हणतो.

रोज १०० चं गणित तर करून पाहिलेलंही दिसत नाही. आठवड्यात किती विनंत्या पाठवायच्या याला लिंक्डइनवर मर्यादा आहे. भाचीने पहिल्या दिवशी शंभर पाठवल्या, दुसऱ्या दिवशी सकाळीच ‘या आठवड्याची मर्यादा संपली’ असं आलं. विनंतीसोबतची चिठ्ठी जास्तीत जास्त ३०० अक्षरांची, फुकटच्या खात्यावर त्याहूनही छोटी, आणि महिन्यात अशा मोजक्याच चिठ्ठ्या पाठवता येतात. फॉर्म्युल्यातला नमुना मी मोजला, हजाराच्या वर अक्षरं भरली. तो चिठ्ठीत बसूच शकत नाही. म्हणून पोरीने कोऱ्या विनंत्या पाठवल्या आणि ज्या ३१ जणांनी स्वीकारल्या त्यांच्या अंगावर तो अख्खा मजकूर टाकला. भरती करणाऱ्यांनी पाठवलेल्या मेसेजचा हिशोब लिंक्डइननेच एकदा मांडला होता: ४०० अक्षरांच्या आतल्या मेसेजना सरासरीपेक्षा २२ टक्के जास्त उत्तरं आली, १२०० च्या वरच्यांना ११ टक्के कमी. तो हिशोब उमेदवारांच्या मेसेजचा नव्हे, हे मान्य. पण ज्याच्या हातात नोकरी आहे त्याचं लांबण जिथे कोणी वाचत नाही, तिथे नोकरी मागणाऱ्याचं कोण वाचेल?

त्या एक्स्टेन्शनबद्दल एवढंच सांगतो: टाकू नका. आपोआप मेसेज पाठवणारी साधनं लिंक्डइनच्या नियमांत सरळ बंद आहेत, खातं गोठू शकतं. आणि कोणी बनवलं ते माहीत नसलेल्या वस्तूच्या हाती आपलं लॉगिन द्यायचं नसतं.

एक गोष्ट मात्र कबूल करावी लागेल. एकाच माणसाला लिहून महिनाभर वाट बघत बसण्यात अर्थ नाही, पाच-पंचवीस जणांना लिहावंच लागतं, आणि नुसत्या वेबसाइटवर अर्ज टाकून तो ढिगात जातो हेही खरं. आठवण करण्यातही चूक नाही. आठ-दहा दिवसांनी एकदा, दोन ओळींत. मी स्वतः अशा आठवणीनंतर उत्तर दिलेलं आहे, कारण पहिला मेसेज ऑडिटच्या गडबडीत राहून गेला होता. पण दर दोन दिवसांनी विचारणाऱ्याला मी ब्लॉक करतो.

मंगळवार, नऊ ते दहा वगैरे सोडून द्या. माणूस योग्य आणि प्रश्न नेमका असेल तर शनिवारी रात्रीही उत्तर येतं. भारदस्त इंग्रजीही नको, साधं आणि बिनचूक पुरे. रिझ्युमे मागितल्यावर द्यावा.

त्या रात्री आम्ही जेवणं उरकून बसलो. आधी त्या ३१ जणांना माफी: “मागच्या मेसेजमध्ये वडिलांच्या नोकरीबद्दल लिहिलं ते खरं नव्हतं. तयार मजकूर विचार न करता पाठवला. माफ करा. उत्तराची अपेक्षा नाही.” ज्यांचा फोन आला होता त्या गृहस्थांना मात्र भावोजींनी मेसेज करू दिला नाही. नंबर लावून फोन तिच्या हातात दिला. ती बोलली. आवाज कापत होता, पण सगळं बोलली.

मग माणसं शोधायला बसलो. कलाभवनातून सहा वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या एक बाई सापडल्या, हालोलला पंपांच्या कारखान्यात क्वालिटीत आहेत. प्रोजेक्टचे गाईड दोघींचे एकच. भाचीने सरांना विचारलं, माझं नाव सांग, म्हणाले. मेसेज इंग्रजीत गेला, पण मजकूर असा होता (ब्लोहोल म्हणजे ओतीव भागात राहून गेलेली हवेची पोकळी):

“नमस्कार मॅडम, मी यंदा कलाभवनातून मेकॅनिकल पूर्ण केलं. आपले प्रोजेक्ट गाईड एकच. माझा प्रोजेक्ट पंपाच्या इम्पेलरच्या कास्टिंगमध्ये येणाऱ्या ब्लोहोलवर होता. तुम्ही डिझाइनमधून क्वालिटीत गेलात असं प्रोफाइलवर दिसलं. क्वालिटीत सुरुवात करायची तर आधी काय शिकून घ्यावं? दोन ओळींत सांगितलंत तरी चालेल.”

पहिली दोन वाक्यं विनंतीच्या चिठ्ठीत, बाकीचं त्यांनी स्वीकारल्यावर. यात नोकरी मागितलेली नाही हे भाचीला आधी पटेना. मी म्हटलं, अगं, तू नोकरी शोधतेस हे त्यांना कळतंच. त्यांना असा प्रश्न दे की ज्याचं उत्तर फक्त त्याच देऊ शकतात, आणि जे द्यायला दोन मिनिटं पुरतात.

चार दिवसांनी उत्तर आलं. आधी ड्रॉइंग वाचायला पक्कं शीक, जीडी अँड टी (ड्रॉइंगवर मापांची आणि आकाराची सूट दाखवायची पद्धत) नीट कर, मोजमापाची साधनं हाताळलेली असू देत. आणि खाली एक ओळ: ब्लोहोलचे सेक्शन कापून फोटो काढले होते का, असतील तर पाठव.

फोटो होते. त्याच रात्री गेले.