पुश केलंच नाही!

रात्री साडेअकराला घरचा लॅपटॉप उघडला, गिट पुल मारलं, म्हणजे सर्व्हरवरचा ताजा कोड खाली ओढला, तर काहीच नाही! दुपारचा सगळा कोड ऑफिसच्या मशीनवर कमिट होऊन, म्हणजे तिथल्या तिथेच नोंदला जाऊन, पडलाय; पुश करायचं, म्हणजे सर्व्हरवर चढवायचं, राहिलं. पुन्हा. बरं, पुश केलं असतं तरी सुख कुठलं? सेटिंग्जची डॉट एन्व्ह फाइल गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या यादीत, ती येतच नाही. कशीबशी अ‍ॅपची बिल्ड झाली की अँड्रॉइडचा फोन अडून बसतो: सिग्नेचर जुळत नाही. कारण प्रत्येक कॉम्प्युटरने आपापली वेगळी डीबग कीस्टोर, म्हणजे अ‍ॅपवर सही करायच्या किल्लीची फाइल, बनवून ठेवलेली! मग आधीचं अ‍ॅप उडवा, आणि तासभर बसून भरलेला टेस्ट डेटा त्याच्याबरोबर स्वाहा. ती कीस्टोरची एक फाइल इकडून तिकडे न्यायची, दोन मिनिटांचं काम. सहा महिने "उद्या करतो" चाललंय. आज मुहूर्त लागला, तर मेला पेनड्राइव्ह सापडत नाहीये.